दख्खनचे पाणी व त्याचे हिशेब

एखादा प्रदेश निसर्गसंपत्तीचा उपयोग किती काटकसरीने करतो हे ठरविण्यासाठी अर्थशास्त्रात एक साधा भागाकार केला जातो. अंशस्थानी उत्पन्न असते. छेदस्थानी त्या उत्पन्नासाठी खर्ची पडलेली जमीन, पाणी किंवा इंधन यांपैकी काहीतरी असते. अंशाविषयी सहसा वाद होत नाही. क्विंटलभर साखर गोरखपुरास निघाली काय आणि कोपरगावास निघाली काय, ती क्विंटलभरच असते. छेदाची गोष्ट निराळी आहे. जमीन मोजावयाची की पाणी, कोळसा मोजावयाचा की नदीचा प्रवाह, हे निसर्ग ठरवीत नाही. ते हिशेब ठेवणारा ठरवितो. प्रदेशाप्रदेशांतील कार्यक्षमतेची तुलना करणाऱ्या लिखाणात हा मुद्दा बहुधा गृहीत धरून सोडून दिलेला असतो. वस्तुतः त्यालाही इतिहास आहे, आणि महाराष्ट्रापुरता तो भीमेच्या खोऱ्यात फार स्पष्टपणे वाचता येतो.

प्रथम आजची स्थिती पाहणे सोयीचे होईल. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने या शतकाच्या दुसऱ्या दशकात उसासंबंधी जे हिशेब प्रसिद्ध केले त्यांनुसार एक किलो साखर तयार होण्यासाठी महाराष्ट्रात सुमारे २,१०० लिटर सिंचनाचे पाणी लागते, उत्तर प्रदेशात सुमारे १,०५० लिटर पुरते, आणि बिहारात त्याहूनही कमी. हे आकडे हेक्टरी मांडले म्हणजे त्यांचा अर्थ अधिक उघड होतो. महाराष्ट्रात हेक्टरी ८० टनांच्या आसपास ऊस आणि ११ टक्के उतारा धरला, तर सुमारे ८,८०० किलो साखर निघते व तीस साधारणतः १८,५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे शेतात वर्षभर मिळून सहा फूट उंचीचे पाणी उभे केल्यासारखे होते. उत्तर प्रदेशात ६० टन ऊस व साडेनऊ टक्के उतारा धरल्यास साखर ५,७०० किलोच पडते, परंतु पाणी ६,००० घनमीटरांवर भागते. छेदस्थानी जमीन घातली की महाराष्ट्र पुढे असतो. जमिनीऐवजी पाणी घातले की तोच महाराष्ट्र मागे पडतो.

येथे उत्तर प्रदेशाच्या शेतकऱ्याच्या अंगी काही विशेष काटकसर आहे असे समजण्याचे कारण नाही. गंगेच्या मैदानात भूजल उथळ आहे, गाळाची माती ओल धरून ठेवते, हिवाळा कडक असल्यामुळे त्या महिन्यांत पिकाची तहान कमी असते. तेथील पाण्याचा बराचसा हिस्सा निसर्गच पाटाबाहेरून पुरवितो आणि तो कोणाच्याच वहीत चढत नाही. उलट, शेतातून कारखान्यात आले म्हणजे पारडे फिरते. महाराष्ट्राच्या उसात साखर अधिक असल्यामुळे तेवढ्याच साखरेसाठी कमी ऊस वाहावा, कमी ऊस गाळावा आणि कमी रस आटवावा लागतो. शेती या क्षेत्रात जो प्रदेश उधळा ठरतो तोच साखरधंद्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ काटकसरी ठरत आला. (को ०२३८ या जातीच्या प्रसारानंतर, म्हणजे २०१५ च्या पुढेमागे, उत्तरेकडील उतारा वाढला आणि ही तफावत पुष्कळशी मिटली, परंतु तोवर कारखान्यांचा भूगोल ठरून गेलेला होता.) प्रश्न असा उरतो की, ज्या मुलखात पाणी हीच दुर्मिळ वस्तू, त्या मुलखाने पाणी न मोजता जमीन मोजण्याची रीत पत्करली कशी?

या प्रश्नाचे उत्तर उसात नाही. ते कालव्यांच्या जमाखर्चात आहे. बारामतीस वर्षाकाठी जेमतेम वीस इंच पाऊस पडतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर या अवर्षणप्रवण पट्ट्यासाठी नीरा नदीचा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ साली त्यात पाणी सोडण्यात आले. कालव्याचा उद्देश ज्वारी-बाजरीचे रक्षण हा होता. परंतु काळ्या जमिनीतील जिरायत शेतकऱ्याने सरकारच्या अपेक्षेप्रमाणे पाणी घेतले नाही, आणि त्याचे वागणे अगदी समंजसपणाचे होते. पाऊस बरा झाला त्या वर्षी रब्बी ज्वारी ओलीवरच येते. मग पाणीपट्टी कशासाठी भरावयाची? पाऊस गेला त्या वर्षी मात्र सर्वांनाच एकदम पाणी हवे असते. म्हणजे चार वर्षे कालवा भरून वाहावा व त्याला गिऱ्हाईक नसावे, आणि पाचव्या वर्षी गिऱ्हाईक दारात उभे राहावे व पाणी पुरू नये, असा हा व्यवहार होता. दरवर्षी ठरलेले पाणी घेणारे आणि ठरलेली पट्टी देणारे पीक एकच होते. सासवडकडील माळी बागायतदार ऊस लावण्याच्या कसबासह कालव्यावर आले तेव्हा पाटबंधारे खात्याला प्रथमच भरवशाचे उत्पन्न दिसू लागले.

हिंदुस्थान सरकारने कालव्यांची विभागणी ‘उत्पादक’ व ‘संरक्षक’ अशी केली होती. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या पाटबंधारे आयोगासमोर हीच चौकट होती. उत्पादक कालवा म्हणजे भांडवलावरील व्याज फेडणारा कालवा. या व्याख्येत जमीन नाही, पाणी नाही, पीकही नाही. आहे ते फक्त व्याज. पंजाबात नद्यांना उन्हाळ्यातही हिमाचे पाणी असल्याने व जमीन सपाट असल्याने तेथील कालव्यांना ही कसोटी सहज उतरता आली. दख्खनच्या कालव्यांना सह्याद्रीच्या पायथ्याशी धरण बांधून पावसाळ्याचे पाणी अडवून ठेवावे लागे. त्यांचा घनफुटामागील खर्च अधिक आणि उत्पन्न कमी. पंजाबच्या मापाने मोजलेला दख्खनचा कालवा तोट्यातच दिसणार होता. त्या मापाला उतरण्याचा जो एकमेव मार्ग होता, तो उसाच्या मळ्यातून जात होता.

या परिस्थितीत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर जी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली तिचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. ठरावीक क्षेत्राचा गट करावयाचा, त्याच्या एकतृतीयांशात ऊस किंवा तत्सम बारमाही पीक व बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यावयाची, दरवर्षी फेरपालट करावयाची आणि पाण्याचा करार काही वर्षांसाठी एकदम करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. उसाला मर्यादा घालणे आणि पाणी अधिक गावांना पोचविणे हा तिचा उघड हेतू. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची पहिली वर्षे खानदेशात गेली होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण खानदेशच्या फड पद्धतीशी या योजनेचे साम्य डोळ्यांत भरते.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, उसाचा फड दरवर्षी बदलावयाचा, आणि नदीला पाणी किती आहे हे पाहून त्या वर्षी किती फड भिजवावयाचे ते गावाने ठरवावयाचे, हा तिचा कणा. पाटकऱ्याने पाणी द्यावयाचे, जागल्याने राखण करावयाची, शेतकऱ्याने स्वतः दार फोडावयाचे नाही. प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे फेरपालटीत कोणाचेच फार नुकसान होत नसे. या व्यवस्थेत छेदस्थानी काय होते हे कोणी लिहून ठेवले नाही. पण पाणी कमी झाले की फड कमी होत, एवढ्यावरून ते कळते. येथे पाणी हीच मर्यादा होती आणि सर्व हिशेब त्या मर्यादेपासून सुरू होत असे.

ब्लॉक पद्धतीने फडाची फेरपालट उचलली. तिचा गाभा मात्र तिला उचलता आला नाही. फडात गाव पाण्याकडे पाहून क्षेत्र ठरवी, ब्लॉकमध्ये क्षेत्र करारानेच ठरलेले असे. पट्टी क्षेत्रावर व पिकावर आकारली जाई, पाण्याच्या घनफुटांवर नव्हे. एकरभर उसाची पट्टी एकदा भरली की त्यात किती पाणी मुरवावे याला पैशाची अशी अटकाव उरत नव्हती. शेतात एक पाळी अधिक देण्याचा खर्च शेतकऱ्याला जवळजवळ शून्य होता. त्या पाळीचे मोल जो देत होता तो कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा जिरायतदार होता, आणि त्याची खात्यात कोठे नोंद नव्हती. एक एकर उसाच्या पाण्यात आठ-दहा एकर ज्वारी राखता येते हे कालव्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. तथापि आठ एकर ज्वारीची मागणी अनिश्चित आणि एक एकर उसाची निश्चित, हे व्याजाच्या हिशेबाने अखेर निर्णायक ठरले. उसाला मर्यादा घालण्यासाठी निघालेल्या पद्धतीने उसाच्या पाण्याला करारनाम्याचे संरक्षण दिले.

त्याची किंमत जमिनीने लवकरच वसूल केली. नीरेचे पाणी सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली त्याच साली, म्हणजे १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खोल काळ्या जमिनीत अतिरिक्त पाणी मुरले, खालची पातळी वर आली, आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. उत्तम म्हणून घेतलेल्या जमिनी चोपण व पाणथळ झाल्या. पुढे इंग्लिस या अभियंत्याने या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला; चर खणण्यात आले, कोणत्या मातीला किती पाणी सोसते याची पाहणी झाली. परंतु एकरी उत्पन्नाच्या कोष्टकात एक सूक्ष्म दोष राहून गेला, आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही. नापीक झालेला एकर उसाच्या क्षेत्रातून वगळला जातो. मग उरलेल्या एकरांची सरासरी उत्तमच दिसते. म्हणजे जमिनीचा नाश हा जमिनीच्या कार्यक्षमतेत घट म्हणून दिसण्याऐवजी हिशेबातूनच नाहीसा होतो.

१९३२ साली साखरधंद्यास जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशातील कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत तीसच्या आसपासवरून शंभराच्या वर गेली. त्यांपैकी बहुसंख्य संयुक्त प्रांतात व बिहारात निघाले. तेथे कारखाना लहान शेतकऱ्यांचा ऊस विकत घेई. दख्खनमध्ये निराळा प्रकार झाला. बेलापूर कंपनी, वालचंदनगर, माळीनगर येथील कारखान्यांनी कालव्याखालील जमिनी खंडाने घेऊन स्वतः ऊस पिकविला. अशा कारखान्याला दोन वस्तू मर्यादित होत्या: भाड्याची जमीन आणि गाळपाचा हंगाम. पाण्याचा कोटा करारानेच ठरलेला. साहजिकच त्याने जमिनीतून अधिकाधिक ऊस आणि उसातून अधिकाधिक साखर काढण्यावर आपले सर्व कौशल्य लावले. त्याच वर्षी, १९३२ मध्ये, निघालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने याच दिशेने मोलाचे काम केले. जुना पुंड्या मागे पडून को ४१९ आणि नंतर को ७४० आले. अठरा महिन्यांच्या आडसाली उसाने एकरी टनांचे विक्रम केले. आडसाली पिकाला वर्षाहून अधिक काळ पाणी द्यावे लागते, ही बाब मात्र विक्रमांच्या यादीत येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली. विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी लोणी येथे सहकारी कारखाना उभा राहिला व १९५०-५१ मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. ज्या शेतकऱ्याला कारखान्याचा मजूर किंवा खंडकरी व्हावे लागत होते तो त्याचा मालक झाला; ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासातील ही फार मोठी घटना आहे आणि तिचे मोल पाण्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. गाडगीळांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पाहणीत थेट लाभाबरोबर आनुषंगिक लाभही हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला होता. केवळ पाणीपट्टी मोजणाऱ्या खात्याच्या दृष्टीपेक्षा ही दृष्टी कितीतरी विशाल होती. तरीही सहकाराने अंश वाढविला, वाटला, न्याय्य केला. छेद जुनाच राहिला.

हा प्रश्न शेतीपुरता नाही हे भीमेच्याच वरच्या अंगास दिसते. नीरा ही भीमेची उपनदी. इंद्रायणी, आंध्रा व मुळा या नद्याही अखेर भीमेसच मिळतात. या नद्यांचे उगमाजवळचे पाणी सह्याद्रीच्या कड्याशी अडवून ते पश्चिमेस कोकणात सोडण्याची योजना टाटांनी अमलात आणली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या तोवर दूर बंगालहून व परदेशांतून आलेल्या कोळशावर चालत होत्या. शहरावरील धूर इतका वाढला होता की, १९१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जलविद्युत आल्यावर गिरण्यांचा मोठा भाग विजेवर गेला. अहमदाबादच्या गिरण्या कोळशावरच राहिल्या. मणभर सुतामागे किती कोळसा जळतो असे विचारले तर मुंबई अहमदाबादेपेक्षा फार पुढे गेली असे म्हणावे लागेल.

भीमेच्या बाजूने पाहिले म्हणजे हाच व्यवहार निराळा दिसतो. सुमारे १,७०० फुटांवरून पडणारे एक घनमीटर पाणी एक युनिटाहून थोडी अधिक वीज देते. त्या काळच्या वाफेच्या यंत्रात तेवढ्यासाठी किलोभर किंवा अधिक कोळसा लागला असता. घाटाखाली गेलेले ते पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका यांच्या काठची गावे व कारखाने वापरतात, म्हणजे ते सर्वस्वी वाया जात नाही. परंतु पूर्वेकडे, जेथे पाऊस वीस इंच आहे तेथे, ते कधीच परतत नाही. मुळशीच्या धरणाखाली ज्यांची भातखाचरे गेली त्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. त्या लढ्यात जमिनीचा प्रश्न ऐरणीवर होता; खालच्या खोऱ्यातील पाण्याचा प्रश्न तेव्हा कोणी फारसा काढला नाही. तो पुढे कृष्णा पाणीतंट्याच्या लवादासमोर आला. १९७० नंतरच्या दशकात बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळविल्या जाणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातल्या. कोयनेपुरती ती वर्षास साडेसदुसष्ट अब्ज घनफूट ठरली. वीजनिर्मितीच्या छेदस्थानी नदी प्रथम लिहिली गेली ती अशी, आणि तीही शेजारच्या राज्यांनी भांडल्यामुळे.

भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ज्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो तो पुढे राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक झाला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये १,००० मिलिमीटरांपेक्षा कमी पावसाच्या भागात ऊस घेऊ नये असे सुचविले. तोवर नीरेवर जे पंचवीस वर्षांत घडले होते ते भीमेच्या मधल्या खोऱ्यात नव्याने घडू लागले होते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली आणि अधिसूचित क्षेत्रांत बारमाही पिकांना ठिबकाची अट घातली. कायद्यात छेद बदलला. कालव्यावरची आकारणी मात्र बहुतेक ठिकाणी पिकाच्या क्षेत्रावरच होत राहिली, कारण चारीवर मोजमापाची साधने नव्हती व जेथे होती तेथे ती टिकली नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने लातूर शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्यात आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मूल्य आयोगाच्या दराने तेवढ्या पाण्यात महाराष्ट्रात अडीच क्विंटलांहून थोडी कमी साखर होते. लातूर व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतील उसाचे पाणी बहुतांशी विहिरी-विंधणविहिरींतून उपसलेले होते. त्याच्यावर पट्टी नव्हती, म्हणून ते कालव्याच्या हिशेबातही नव्हते.